फोर बाय फोरसाठी हिवाळी टायर: नव्या माणसाने निवड कशी करावी

चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो, मग या गाडीला हिवाळ्याचे वेगळे टायर कशाला? बर्फात पहिल्यांदाच गाडी चालवणारा हमखास हे विचारतो. याचं उत्तर आधी पटलं पाहिजे, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते. फोर बाय फोरचा फायदा गाडी जागची हलवताना आणि चढ चढताना होतो. तोच जोर दोनऐवजी चार चाकांत वाटला जातो, त्यामुळे एकेक चाक उशिरा घसरतं. ब्रेक मात्र सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना या गाडीला साध्या गाडीपेक्षा काहीही जास्त मिळत नाही. रस्त्याला धरून असतं ते प्रत्येक चाकाखालचं तळहाताएवढं रबर.

गणित करून पाहा. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक (पकडीचं माप) ०.८ धरला तर, सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. घट्ट दाबल्या गेलेल्या हिमावर घर्षणांक ०.३ मिळाला तर ३३ मीटर लागतात, ०.२ मिळाला तर ४९. काचेसारख्या बर्फावर तो ०.१ पर्यंत उतरला की जवळजवळ १०० मीटर. हे अंतर ब्रेक लागल्यानंतरचं आहे. ब्रेकवर पाय येण्यात एक सेकंद गेला तर तेवढ्यात गाडी आणखी १४ मीटर पुढे गेलेली असते. ०.२ आणि ०.३ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रस्त्यावर तो १६ मीटरचा आहे, म्हणजे साडेतीन गाड्यांच्या लांबीचा. टायरसाठी पैसे मोजायचे ते या १६ मीटरसाठी. शिवाय फोर बाय फोर निघताना घसरत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे याची चाहूल चालवणाऱ्याला लागतच नाही. ती लागते पहिल्या ब्रेकला.

आधी रस्ता ओळखा

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि पूर्ण हिवाळ्यात गाडी कोणकोणत्या पृष्ठभागांवर धावणार ते लिहून काढा. इथे दोन शब्द वेगळे ठेवू: हिम म्हणजे पडलेला, भुसभुशीत किंवा चाकांनी दाबला गेलेला थर, बर्फ म्हणजे वितळून पुन्हा गोठलेली काच. दोन्हींवर पकड मिळण्याची रीत वेगळी आहे. हिमावर टायरच्या खाचांत हिम ठासून भरतं आणि ते खालच्या हिमाला चिकटतं, म्हणून खोल, मोकळ्या खाचा हव्यात. बर्फावर खाचा कामाला येत नाहीत. तिथे लागतं मऊ रबर, आणि खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांवर पाडलेल्या शेकडो बारीक चिरा. हिवाळी टायरच्या ठोकळ्यावरून नख फिरवा, नागमोडी चिरा लगेच लागतील. अंगठ्याने ठोकळा तिरका दाबलात तर त्या चिरा उघडताना दिसतात. प्रत्येक चिरेची कड बर्फाला स्वतंत्रपणे धरते.

रबराबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. उन्हाळी टायरचं रबर तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की कडक व्हायला लागतं, आणि शून्याखाली आणखी ताठरतं. नक्षी नवीकोरी असली तरी असा टायर घसरतो. हिवाळी टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहील असं बनवलेलं असतं.

आता प्रकार पाहू.

रस्ते बहुतेक दिवस साफ केलेले, थंड आणि ओले, महामार्गावरचा प्रवास जास्त आणि हिम अधूनमधून, असं असेल तर मध्य युरोपातल्या हवामानासाठी बनवलेले हिवाळी टायर घ्या. ते थोडे कडक असतात, पाणी चांगलं बाहेर टाकतात आणि वेगात गाडी डगमगू देत नाहीत.

महिनोन्‌महिने हिम आणि बर्फ असणार, तापमान शून्याच्या बरंच खाली जाणार, तर उत्तर युरोपातल्या थंडीसाठीचे, मऊ रबराचे बिनखिळ्याचे नॉर्डिक टायर घ्या. ओल्या, उबदार डांबरावर हे लिबलिबीत वाटतात आणि तिथे त्यांचं ब्रेकचं अंतरही वाढतं. पण जिथल्यासाठी बनलेत तिथे त्यांना तोड नाही. या प्रकाराला खरी गती जपानमध्ये मिळाली. धातूचे खिळे बसवलेल्या टायरांनी रस्ते खरवडून शहरांत धूळ इतकी वाढली की तिथे १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. त्याआधीच, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोनने ब्लिझॅक हा टायर तिथे आणला होता. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रं असतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा ती शोषून घेतात. हा पापुद्राच घसरण्याचं मूळ आहे. त्यामुळेच सर्वांत घातक बर्फ उणे २० अंशांचा नसून शून्याच्या आसपासचा, ओलसर असतो.

नेमक्या त्या ओलसर काचेवर खिळ्यांचे टायर सर्वांत जास्त धरतात. खिळ्याचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं आणि ते रबराबाहेर साधारण एक ते दीड मिलिमीटर डोकावतं. आडवाटेचे, हिम न काढलेले घाट, वितळून पुन्हा गोठणारे रस्ते, रोजची पहाटेची ये-जा असेल तर हे घ्या. कोरड्या रस्त्यावर मात्र ते आवाज करतात आणि तिथे त्यांची पकड कमी पडते. कायदाही पाहावा लागतो. जर्मनीत जवळपास सगळीकडे त्यांना बंदी आहे, आणि इतर अनेक ठिकाणी ठरावीक महिन्यांतच ते चालतात. सीमा ओलांडून जाणार असाल तर पलीकडचा नियमही आधीच वाचा.

बारमाही टायर ही तडजोड आहे. हिवाळा सौम्य असेल आणि हिम पडलं की चार दिवस गाडी घरी ठेवता येत असेल तर चालते.

फोर बाय फोरवाल्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. मोठमोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर पाहून वाटतं, हा हिमात फाडत जाईल. ताज्या, खोल हिमात तो खणत पुढे जातोही. पण त्याच्या ठोकळ्यांवर चिरा जवळजवळ नसतात आणि रबर कडक असतं, म्हणून दाबलेल्या हिमावर आणि बर्फावर तो पाटीसारखा सरकतो. रस्त्यासाठी आणि कच्च्या वाटेसाठी चालणारे ‘ऑल टेरेन’ टायर यापेक्षा बरे, त्यातही पुढे सांगितलेलं डोंगराचं चिन्ह असलेले. तरी बर्फावर ते खऱ्या हिवाळी टायरची बरोबरी करत नाहीत.

टायरच्या कडेवर काय वाचायचं

टायरच्या कडेवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं दिसली की लोक निश्चिंत होतात. त्यांचा अर्थ चिखल आणि हिम असा आहे खरा, पण ती नक्षीच्या ठेवणीवरून उत्पादक स्वतःच छापतो. त्यामागे हिमावरची सक्तीची चाचणी नाही. शोधायचं ते तीन शिखरांच्या डोंगराच्या आत हिमकण असलेलं चित्र. ते छापण्याआधी दाबलेल्या हिमावर टायरची चाचणी होते आणि ठरलेल्या नमुना टायरपेक्षा जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह ग्राह्य आहे, नुसती अक्षरं चालत नाहीत.

या चिन्हाची मर्यादाही लक्षात ठेवा. चाचणी हिमावरची आहे, काचेसारख्या बर्फावरची नाही. चिन्ह असलेला बारमाही टायर आणि नॉर्डिक टायर बर्फावर सारखे मुळीच नसतात. युरोपात मे २०२१ पासूनच्या टायर लेबलवर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चित्र येतं. बिनखिळ्याचे नॉर्डिक टायर घेताना ते आहे का पाहा.

माप

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि गाडीची पुस्तिका, या दोन्हींत मंजूर मापं दिलेली असतात. त्यांत एकापेक्षा जास्त मापं असतील तर हिवाळ्यासाठी अरुंद माप निवडा. अरुंद टायर हिम कापत खाली घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो, आणि हिमाच्या रबडीत तर गाडीचं तोंड भलतीकडे ओढतो.

माप बदललं तरी चाकाचा एकूण व्यास तोच राहायला हवा. हिशेब सोपा आहे. गाडीला मुळात २६५/६५ आर १७ टायर आहेत असं धरू. २६५ मिमी ही रुंदी, तिचे ६५ टक्के म्हणजे १७२.२५ मिमी ही कडेची उंची. वरची आणि खालची मिळून ३४४.५. त्यात १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी मिळवा. व्यास आला ७७६.३ मिमी. आता २४५/७० आर १७ घ्या: १७१.५ दोनदा, म्हणजे ३४३, अधिक ४३१.८, एकूण ७७४.८. दीड मिलिमीटरचा फरक, काहीच नाही. रुंदी मात्र २० मिमीने कमी झाली. फरक दोन टक्क्यांवर जात असेल तर ते माप सोडून द्या. आणि हिशेब जुळला तरी मंजूर यादीबाहेरचं माप जाणकाराला आणि स्थानिक नियमाला विचारल्याशिवाय बसवू नका.

मोठ्या रिमवरून छोट्या रिमवर येणंही चांगलं, म्हणजे १८ वरून १७. कड उंच मिळते आणि हिमाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी होते. पण छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे प्रत्यक्ष लावूनच बघावं लागतं.

मापाच्या पुढचा आकडा वजनाचा. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. गाडीच्या वजनाला चारने भागून मोकळे होऊ नका. स्टिकरवर प्रत्येक धुरीचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकजोडीचं, कमाल वजन असतं. मागच्या धुरीचं १७०० किलो असेल तर मागच्या प्रत्येक टायरला किमान ८५० पेलले पाहिजेत. मूळ टायरच्या आकड्याखाली तर जायचंच नाही. उलट ‘जितका दणकट तितका चांगला’ असं समजून छोट्या ट्रकचे जाड टायर हलक्या गाडीला लावणंही चूक आहे. त्यांची कड ताठ असते, रबर रस्त्याच्या उंचसखलपणावर बसत नाही आणि पकड घटते. जड ओझं किंवा ट्रेलर ओढत असाल तेव्हाच त्यांचा विचार करा.

शेवटचं अक्षर कमाल वेगाचं, ताशी किमीमध्ये: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१०. हिवाळी टायरला मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर बऱ्याच देशांत चालतं, पण मग कमाल वेगाची चिठ्ठी ड्रायव्हरच्या समोर लावावी लागते.

चारही टायर सारखे, आणि त्यामागचं कारण

दोनच हिवाळी टायर घेऊन पैसे वाचवायचा विचार मनातून काढून टाका. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी लावले तर ब्रेक मारताना पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी गिरकी घेते. उलटं लावलं तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

फोर बाय फोरमध्ये यापलीकडचं, यंत्राशी जोडलेलं कारण आहे. टायरची नक्षी १ मिमीने झिजली की चाकाचा परीघ ६.३ मिमीने कमी होतो. लहान चाक एका किलोमीटरमध्ये मोठ्या चाकापेक्षा काही फेरे जास्त मारतं. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) किंवा क्लचची जोडणी सतत पचवत राहते, तापते आणि अखेर जळते. दुरुस्तीचा खर्च चार टायरांपेक्षा कितीतरी जास्त येतो. म्हणून कंपनी, नमुना, माप सगळं एकच ठेवा, आणि चार टायरांच्या नक्षीच्या खोलीत दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडू देऊ नका. काही उत्पादकांची मर्यादा याहून कडक असते, पुस्तिका बघा. एक टायर फाटला तर नवा एकटा लावण्याआधी उरलेल्या तिघांची खोली मोजा.

लीव्हर ओढून किंवा बटणाने फोर बाय फोर लावायच्या बऱ्याच गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. त्यांत पुढची-मागची चाकं सक्तीने एकाच वेगाने फिरतात. रस्त्यावर हिमाचा पट्टा संपून कोरडं डांबर आलं की टू व्हीलवर या. कोरड्यावर तसंच वळलात तर गाडी अडकल्यासारखी झटके देते. तो गिअरच्या दात्यांवर आणि जॉइंटवर येणारा पीळ आहे.

स्टेपनीसुद्धा त्याच व्यासाची हवी. ती उन्हाळी असेल तर हळू चालवत टायरच्या दुकानापर्यंतच न्या.

घेताना

कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. टायरच्या एकाच बाजूला हे पूर्ण छापलेले असतात, म्हणून न दिसल्यास आतली बाजू पाहा. चारही टायर जवळच्याच तारखांचे मागा. वापरलेले टायर स्वस्तात मिळत असतील तर आधी तारीख पाहा, मग खोली. सहा वर्षांहून जुना हिवाळी टायर नक्षी भरपूर असली तरी नको, कारण ज्या मऊपणासाठी तो घ्यायचा तोच गेलेला असतो. नव्या टायरची खोली साधारण ८ ते ९ मिमी असते. ४ मिमीखाली हिमावरची पकड झपाट्याने ढासळते. ऑस्ट्रियात तर ४ मिमीहून कमी खोलीचा टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. खोली मधे आणि दोन्ही कडांजवळ, अशी तीन ठिकाणी मोजा. एक कड जास्त झिजलेली असेल तर टायर आधी ज्या गाडीला होता तिच्या चाकांचं अलाइनमेंट (चाकांचा सरळपणा) बिघडलेलं होतं.

शक्य असेल तर हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच बसवून ठेवा. दरवर्षी रिमवरून काढ-घाल केली की टायरची आतली कड दुखावते. रिम घेताना नटांच्या भोकांचं वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) तिन्ही जुळले पाहिजेत. लोखंडी रिमचे आणि अलॉयचे नट बऱ्याचदा वेगळे असतात. नटाची बैठक उतरती, गोल की सपाट ते न बघता आवळलं तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि वाटेत सैल होतो. हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर नव्या रिमांसाठी दुसरा संच आणि त्याची गाडीशी नोंदणी, हे दोन्ही आधीच ठरवून घ्या.

बसवताना आणि पहिले काही दिवस

दिवसभराचं सरासरी तापमान ७ अंशांखाली स्थिरावायला लागलं की टायर बदला. पहिल्या हिमवर्षावाची वाट पाहिलीत तर दुकानापुढे रांग लागलेली असेल. कडेवर बाण असेल तर तो पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेने हवा. ‘बाहेरची बाजू’ असं छापलेलं असेल तर ती बाहेरच. हबवरचा (रिम टेकते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर रिम सपाट बसत नाही. बोल्टच्या आट्यांना तेल लावू नका. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. ५० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा तपासा.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने घटतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे १० मध्ये बाहेर आला की ३० च्या आसपास दाखवतो. हिवाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघा. पकड वाढेल म्हणून रस्त्यावर मुद्दाम हवा कमी करणं धोक्याचं आहे. ती युक्ती खोल हिमात रुतल्यावर, अगदी हळू चालताना वापरायची, आणि बाहेर पडल्याबरोबर हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा पंप गाडीत ठेवा.

पहिले ५०० किमी सांभाळून चालवा. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, तो जावा लागतो. खिळ्यांच्या टायरमध्ये या काळात जोरात वेग घेतला किंवा करकचून ब्रेक मारले तर खिळे भोकात नीट बसण्याआधीच उडतात. त्यानंतर हिमाने भरलेलं मोकळं मैदान शोधा. ३० च्या वेगाने पूर्ण ब्रेक दाबा आणि पाय उचलू नका. पेडल थरथरेल, ते चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसचं काम आहे. गाडी कुठे थांबली ते पावलांनी मोजा. १२ मीटरच्या आसपास आली तर पकड चांगली आहे. ३० पार गेली तर खाली बर्फ आहे.

साखळ्या चांगल्या टायरांसोबतही गाडीत असाव्यात. कोणत्या धुरीला लावायच्या ते पुस्तिका सांगते, आणि काही गाड्यांत चाकाच्या आतल्या बाजूला जागाच कमी असते, तिथे बारीक कड्यांच्याच चालतात. लावून शंभर-दोनशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा आणि ताशी ५० च्या वर जाऊ नका. घरी एकदा हातमोजे घालून लावून बघा. अंधारात, गोठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

दर ८,००० ते १०,००० किमीला पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा. बाणाचे टायर त्याच बाजूला ठेवा. उन्हाळ्याची चाहूल लागली की उतरवा, गरम डांबरावर मऊ रबर भराभर झिजतं. धुऊन, पूर्ण वाळवून, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. चालती विजेची मोटर आणि पेट्रोल-तेलाचे डबे शेजारी नकोत. रिमवर असतील तर आडवे रचा, बिनरिमचे उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. ठेवण्याआधी खडूने प्रत्येकावर ‘पुढे डावा’, ‘मागे उजवा’ असं लिहा आणि शेजारी खोली मिलिमीटरमध्ये टाका. कुठल्याही टायरवर ५ च्या खालचा आकडा पडला, तर नव्या संचाची चौकशी उन्हाळ्यातच सुरू करा. माप आणि नमुना हवा तसा तेव्हाच मिळतो.